बारा कागदांतली एकदांडी

रानातलं झाड ओळखण्याच्या बाबतीत आमच्या वाशीत माझा हात धरणारा कोणी नव्हता! हे आज मी लाजत सांगतोय, पण ब्याऐंशी सालच्या फेब्रुवारीपर्यंत छाती पुढे काढून सांगत असे. कारण सोपं होतं. तेव्हा वाशीत माणसंच कमी होती. एक इमारत झाली की मध्ये पाच मोकळे भूखंड, मग दुसरी इमारत. भूखंडांवर गुडघाभर रान. बसस्टॉपवर जाताना मी शेजाऱ्यांना छत्रीच्या टोकानं झाडं दाखवायचो. "ही अमक्या कुळातली बरं का! आणि ती तमक्या!" शेजारी माना डोलवायचे. बसची वाट बघणाऱ्या माणसाला दुसरं करण्यासारखं काही नसतं.

शिवाय माझ्या दारावर पाटी होती ना! चकचकीत पितळेची. 'गं. सो. तांबे, बी.एस्सी.' ती खालच्या मजल्यावरच्या अब्दुल्लाभाईंनी भेट दिलेली. ते मूळचे उरणजवळच्या मोऱ्याचे, वाशीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "गंगारामभाऊ, शिक्षण काय तुमचं?" मी म्हणालो, "बी.एस्सी. बॉटनी." दुसऱ्या दिवशी पाटी हजर!

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बसलो होतो, एवढंच खरं. नापास झालो. तेही बॉटनीतच! आमच्या बुद्धवाडीतला मी पहिला मॅट्रिक. कॉलेजात गेलो त्या दिवशी वडिलांनी घरोघरी जाऊन गूळ वाटला होता. मी नापास झालो हे त्या माणसाला सांगायची माझी छाती झाली नाही. 'नोकरी लागली' एवढंच कळवलं. ते समजले, पोरगा पदवीधर झाला. मी ती समजूत मोडली नाही आणि पुढे मग कुठेच मोडली नाही. माझ्या बायकोला, मुक्ताला, लग्नानंतर वर्षभरात कळलं. तिनं कोणाला सांगितलं नाही. पण घरातलं सगळं पितळ चिंच लावून घासणारी ही बाई त्या पाटीला कधी फडकंही लावत नसे.

तर, अब्दुल्लाभाईंची मुलगी इशरत. ही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. खरीखुरी! पोर हुशार, पण जानेवारीत कावीळ झाली आणि महिनाभर अंथरुणात पडली. कॉलेजची सहल चुकली आणि वनस्पतींचा संग्रह राहिला. तिच्या मॅडमनी सांगितलं, "पुढच्या शनिवारपर्यंत सूर्यफुलाच्या कुळातल्या बारा वेगवेगळ्या रानवनस्पती आण. वाळवून, कागदावर लावून, खाली नाव लिहून. तरच जर्नलवर सही." सही नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर वर्ष गेलं.

अब्दुल्लाभाई जिना चढून वर आले.

"भाऊ, पोरगी रडून रडून अर्धी झाली. बारा नंबरचे स्क्रू पायजे असते तर मी आत्ता दिले असते. बारा झाडं मी कुठून आणू? तुमी बॉटनीवाले. तुमीच करा कायतरी!"

"बारा?" मी हसलो. "चोवीस देतो!"

स्वयंपाकघरातून मुक्ता खोकली. तो खोकला मी ऐकायला हवा होता.

रविवारी सकाळी सातला आम्ही निघालो. माझ्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चौकातल्या घड्याळजीकडून मागून आणलेलं भिंग. इशरतच्या हातात पिशवी आणि वही. चेहरा अजून पिवळट, पण उत्साह मात्र असा की जणू मी तिला काश्मीरला नेतोय!

"काका, हे कुळ ओळखायचं कसं?"

"सोपं आहे! आपल्याला जे एक फूल दिसतं ना, ते एक फूल नसतंच. बारीक बारीक शंभर फुलं एका ताटलीत दाटीवाटीनं बसलेली असतात. सूर्यफूल, शेवंती, झेंडू, सगळे त्यातले."

हे बरोबर होतं. पहिल्या वर्षाच्या पहिल्या धड्यात होतं आणि तो धडा मी वाचला होता. पुढचे वाचायचे राहिले होते.

भूखंडात शिरल्या शिरल्या लांब दांडीवर डोलणारं एक फूल दिसलं. मध्ये पिवळं, कडेला पाच-सहा पांढुरक्या पाकळ्या.

"एकदांडी!" मी ओरडलो. "एका दांडीवर एक फूल, म्हणून एकदांडी. लिही!"

तिनं लिहिलं. दहा पावलांवर भिंतीच्या सावलीत एक चांगलं टरारलेलं झाड होतं. पानं रुंद, हिरवीगार.

"हा माका! केसांच्या तेलात घालतात तो. पान बघ केवढं!"

"पण काका, फूल अगदी एकदांडीसारखंच दिसतंय."

"दिसणारच! एकाच कुळातली ना? चुलत भावांची नाकं सारखी नसतात का?"

पुढे खडीच्या ढिगावर एक खुरटं झाड होतं. पाकळ्या गळून नुसता पिवळा गोंडा राहिलेला. त्याचं नाव मी ठेवलं पिवळा माका. रस्त्याच्या कडेला उन्हानं लालसर पडलेलं सापडलं, तिचं नाव सोनकी.

"सोनकी डोंगरावर असते ना काका? पुस्तकात तसं दिलंय."

"अगं, डोंगर फोडूनच तर इथे भराव टाकलाय. त्याच्याबरोबर आली!"

या उत्तरावर मी स्वतःच इतका खूश झालो की पुढचं, पिसांसारख्या बियांचा गोळा धरलेलं झाड, मी न थांबता 'पाथरी' म्हणून जाहीर करून टाकलं. मग कातरलेल्या पानांचं एक झुडूप दिसलं.

"दवणा! वास घे, वास!"

तिनं नाक खुपसून वास घेतला आणि सात शिंका दिल्या.

"काका, वास नाही येत."

"कावीळ झाल्यावर नाक मंदावतं," मी म्हणालो. माझे हात मात्र तेव्हापासून खाजायला लागले होते.

नाल्याच्या काठाला तिनं ओल्या मातीत लोळणारं एक लहानसं रोप उपटलं. शर्टाच्या बटणाएवढं पांढरं फूल. "काका, हे?"

"टाक ते! एकदांडीचं कुपोषित पोर आहे."

तिनं ते नाल्यात टाकलं. खरा माका तोच होता, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या लक्षात यायला आठवडा लागला.

परत येऊन आम्ही जिन्याच्या चौकात वर्तमानपत्रं पसरली आणि झाडं मांडली. चार बिऱ्हाडं कौतुकानं गोळा झाली. तेवढ्यात भाजीची टोपली घेऊन शेवंताबाई आल्या. या घणसोली गावच्या. शेताच्या तुकड्यावरची भाजी डोक्यावर घेऊन रोज आमच्या इमारतीत यायच्या. टोपली उतरवून त्यांनी आमच्या प्रदर्शनाकडे पाहिलं.

"अगो पोरी, येवरी एकदांडी कशाला जमवलीस?"

"सगळी एकदांडी नाही, शेवंताबाई," मी म्हणालो. "एकच आहे. हा माका."

"ह्यो माका?" त्या हसल्याच. "माका हातावं चोलला का हात काला होतं. ह्यो चोला, हिरवाच रव्हल."

चार बिऱ्हाडांसमोर! माझ्या पाटीच्या खाली उभं राहून! माझं डोकं फिरलं.

"शास्त्रात चोळत नाहीत, बाई. भिंगातून बघतात. तुम्ही आपली कोथिंबीर निवडा!"

सगळे हसले. शेवंताबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "आसंल बाबा. तुमी शिकल्याली मानसं." टोपली उचलून त्या खाली गेल्या. इशरत हसली नाही. ती आपल्या तळहाताकडे बघत होती. हाताला हिरवा रस लागला होता, हिरवाच.

आता झाडं दाबून वाळवायची. गादीखाली ठेवायचा माझा बेत मुक्तानं हाणून पाडला. "तुमच्या दवण्यानं माझ्या अंगाला खाज सुटली तर गादी आणि तुम्ही, दोघं जिन्यात!" मग मला एकदम सुचलं. ऑफिस!

बेलापूरला आमचं ऑफिस होतं. नाव सांगत नाही. तिथे मी कारकून. तिथल्या फायली वीतभर जाड, एकीवर एक रचलेल्या आणि वर्षानुवर्षं कोणी न हलवलेल्या. पानं दाबायला याहून चांगली जागा जगात सापडायची नाही! सोमवारी मी बारा वर्तमानपत्रांत बारा झाडं गुंडाळून बारा फायलींत सरकवून दिली. दोन वर्षांत त्यांतली एकही फाईल जागची उठली नव्हती.

बुधवारी एक उठली.

आमचा शिपाई दत्तू एरवी सांगितलेली फाईल नेत नाही. त्या दिवशी त्यानं न सांगितलेली फाईल नेली आणि आमचे अधिकारी रावसाहेब थोपटे यांच्या टेबलावर ठेवली. दहा मिनिटांत मला बोलावणं आलं.

साहेबांपुढे फाईल उघडी होती. 'सेक्टरमधील मोकळ्या भूखंडाची साफसफाई. रहिवाशांची तक्रार, साप व डास.' आणि तक्रारीवर आडवा पडलेला माझा माका!

"तांबे, हे काय?"

"नमुना, साहेब."

"कशाचा?"

"तणाचा, साहेब. त्याच भूखंडावरचा."

साहेब उठले. मला वाटलं, आता मेमो! पण त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्या सेक्शनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघा! बावीस वर्षांच्या नोकरीत पहिला कारकून बघतोय, जो जागेवर जाऊन पुरावा घेऊन आला! दोन दिवसांत भूखंड साफ झाला पाहिजे. एक काडी राहता कामा नये!" खाली झोकदार सही.

मी ऐटीत माका काखोटीला मारून बाहेर आलो. दोन दिवसांत आमच्या खात्यात खुर्चीही पुसली जात नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी ते विसरूनही गेलो.

शुक्रवारी संध्याकाळी इशरतनं बारा कागद तयार केले. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मी एक ओळ तिला मुद्दाम लिहायला लावली, 'ओळख पटवणारे: गं. सो. तांबे, बी.एस्सी.'

"बाराही कागदांवर, काका?"

"बाराही!"

अब्दुल्लाभाईंनी त्या दिवशी मोऱ्याहून चार पापलेटं मागवून घेतली. ताटाएवढी! "तुमी माझ्या पोरीचं वर्ष वाचवलं, भाऊ," म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते. मी चारातली अडीच खाल्ली. मुक्तानं अर्ध्यावर हात धुतला.

शनिवारी दुपारी मी जिना उतरत होतो. खालच्या पायरीवर इशरत बसलेली, मांडीवर बारा कागद. प्रत्येकावर लाल पेन्सिल. अब्दुल्लाभाई शेजारी उभे.

"काय झालं?"

तिनं पहिला कागद पुढे केला. मॅडमनी लिहिलं होतं, 'बारापैकी पाच कागदांवर एकच वनस्पती आहे, एकदांडी. वय आणि जागा तेवढी वेगळी. सहदेवी आणि ओसाडी यांची नावं एकमेकींना दिली आहेत. दवणा म्हणून लावलेलं गाजर गवत आहे, हात साबणानं धुवावेत. घाणेरी या कुळातली नाहीच. उरलेल्या तीन वस्तू काळ्या पडल्यामुळे काय आहेत ते मला सांगता येत नाही. मंगळवारी सकाळी शेवटची संधी.' आणि खाली रेघ मारून, 'ओळख पटवणारे सद्गृहस्थ कोणत्या विद्यापीठाचे पदवीधर आहेत?'

"मॅडम नवीन दिसतात," मी म्हणालो. हो, म्हणालो! खोटं बोलायची सवय अशी वाईट.

अब्दुल्लाभाईंना काही उमगेना. "म्हंजे? एकच झाड पाच वेळा? ते कसं, भाऊ?"

ते कसं! एका फुलात शंभर फुलं असतात हे मला माहीत होतं. पाच झाडांत एकच झाड असतं हे माहीत नव्हतं.

"जाऊ दे ना, अब्बा," इशरत म्हणाली. "काकांनी त्यांचा अख्खा रविवार घातला माझ्यासाठी." आणि डोळे पुसून तिनं कागद नीट एकावर एक लावले. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. अडीच पापलेटं खाल्लेला मी तिथेच पायरीवर बसलो.

"अजून वेळ आहे," मी कसाबसा म्हणालो. "सगळं त्या भूखंडावरच आहे. उद्या सकाळी पुन्हा जाऊ."

रविवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. भूखंड जागेवर होता. बाकी काही नव्हतं! एकदांडी नाही, सहदेवी नाही, गवताची काडी नाही. नाल्याचा काठ खरवडून काढलेला, जमीन रोलर फिरवून अशी सपाट केलेली की वर क्रिकेट खेळावं. आमच्या खात्याचा मुकादम पोपट फावडी मोजत उभा होता. मला बघून धावत आला.

"तांबेसाहेब! झालं ना मनासारखं? तुमच्या फायलीनं काम झालं बगा! साहेब बोलले, तांबेनी नमुना लावलाय, एक काडी ठेवू नका. दोन वर्षांचं काम दोन दिवसांत!"

अब्दुल्लाभाई सावकाश माझ्याकडे वळले. "तुमच्या फायलीनं?"

मी फायलीची कहाणी सांगितली. ऐकताना पोपट आधी हसत होता, मग तो थांबला. इशरत त्या सपाट जमिनीकडे बघत राहिली. आणि अब्दुल्लाभाई काय म्हणाले असतील? रागावले नाहीत! माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होतं असं, भाऊ. गडबडीत मोठ्या मोठ्या मानसाचंपण चुकतं. तुमी बी.एस्सी. शिकलेले. दुसरीकडे कुठे मिळतील ते तुमालाच समजणार. चला, तुमी सांगाल तिकडे जाऊ."

तो हात मला पेलवला नाही.

"अब्दुल्लाभाई, मी बी.एस्सी. नाही."

"काय?"

"पहिल्या वर्षालाच नापास झालो. बॉटनीत. मला यातलं काही येत नाही. एकदांडी तेवढी ओळखता येते, तीही एकाच वयातली."

पोपटनं फावडी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. अब्दुल्लाभाईंनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. झटकला नाही, नुसता काढून घेतला.

"हे तुमी त्या दिवशी दारातच बोलला असता," ते म्हणाले, "तर आमी दुसरा कोन शोधला असता. पोरीचं वर्ष हाय, भाऊ."



"शेवंताबाईंना विचारू या," इशरत हळूच म्हणाली. "त्यांनी पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं."

बसनं आम्ही घणसोलीला गेलो. सगळ्या वाटेत मी माफीची वाक्यं जुळवत होतो. शेवंताबाई विहिरीजवळच्या वाफ्यात मुळे धूत होत्या. आम्हाला बघून पदराला हात पुसत उठल्या.

"भाऊ? भिंग आनलाव का?"

माझी जुळवलेली सगळी वाक्यं तिथेच गळून पडली. "शेवंताबाई, त्या दिवशी मी चारचौघांत तुमचा अपमान केला. माझं चुकलं. तुमचं खरं होतं. या मुलीसाठी आलोय, मला हवं तर परत पाठवा."

त्यांनी इशरतकडे पाहिलं. तिचा चेहरा बघून काय ते समजल्या. "पोरीचं काम हाय, मंग परत कशाला? चला. आनि भाऊ, राग आलता मना. खोटं कशाला बोलू? दुसरे दिवशी तुमचे बायकोला दोन दिवसांची शिली कोथमीर दिली मी. फिटलं ता!"

त्या सोमवारची चटणी कडू का लागली, ते मला तेव्हा कळलं.

पुढचे तीन तास मी आयुष्यात कधी विसरणार नाही. विहिरीच्या पाटाला माका होता. शर्टाच्या बटणाएवढं तेच पांढरं फूल, ज्याला मी कुपोषित म्हटलं होतं! शेवंताबाईंनी एक काडी माझ्या हातात दिली.

"चोला."

मी चोळली. हिरवा रस.

"आता थांबा. मी दोन मुलं धुवून काढतंय तवर."

दोन मुळे धुवून झाले आणि माझ्या तळहातावर शाईसारखा काळा डाग उमटला. तिथेच बांधावर एकदांडी होती. तीही त्यांनी मला दुसऱ्या हातावर चोळायला लावली. हिरवी ती हिरवीच. एक हात काळा, एक हिरवा, असा मी बांधावर उभा! वाटेनं जाणारे हसून पुढे जात होते. शिक्षा म्हणून काही वाईट नव्हती.

मग त्या वाकून वाकून दाखवत गेल्या. "ही सयदेवी, तापावं देतान. ही ओसाडी, चोलून वास ग्या, घान मारतं. ही गोरखमुंडी, भात कापल्यावं शेतान येतं." प्रत्येकीची पारख वेगळी. कोणाचा वास, कोणाचा चीक, कोणाच्या पानाचा खरखरीतपणा. इशरत विचारून विचारून वहीत लिहीत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा पिवळटपणा कुठल्या कुठे पळाला होता. अब्दुल्लाभाई पिशवी धरून मागे. माझ्याकडे काम एकच, हात पुढे करायचा आणि चोळायचं. दुपारी एकला पिशवीत बारा झाडं होती. बारा म्हणजे बारा!

वाळवायला वेळ नव्हता. मुक्तानं वर्तमानपत्रांच्या घड्यांत झाडं घातली आणि वरून इस्त्री फिरवली. दोन दिवस आमच्या घरात पालेभाजी करपल्यासारखा वास येत होता. इस्त्री मात्र ती माझ्या बोटांच्या फार जवळून फिरवत होती.

मंगळवारी मॅडमनी माका हातात घेऊन इशरतला विचारलं, "हा माकाच कशावरून? एकदांडी कशावरून नाही?" इशरतनं पिशवीतून ओल्या फडक्यात ताजी ठेवलेली जास्तीची काडी काढली, टेबलापाशी उभ्या उभ्या तळहातावर चोळली आणि म्हणाली, "मॅडम, दोन मिनिटं थांबा." दोन मिनिटांनी जर्नलवर सही झाली.

त्याच संध्याकाळी अब्दुल्लाभाई जिना चढून वर आले. मी दार उघडलं. पापलेटं नव्हती. हातात लोखंड घासायची कानस होती, दुकानातली, नवी कोरी.

"पाटी मी दिलेली, भाऊ. पन खोटं तुमचं. तुमीच घासा."

जिन्यात चार बिऱ्हाडं उभी होती, त्या दिवशी हसलेली तीच. मी स्टुलावर उभा राहून 'बी.एस्सी.' घासून काढलं. पितळ भारी होतं, अर्धा तास लागला. पलीकडच्या बिऱ्हाडानं विचारलंच, "काय हो, डिग्री परत घेतली का?" मी म्हणालो, "मिळालीच नव्हती." माझ्या तळहातावरचा काळा डाग तेव्हाही गेला नव्हता. रात्री वडिलांना पत्र लिहिलं, त्याला घासण्यापेक्षा जास्त वेळ लागला. महिन्याभरानं त्यांचं उत्तर आलं, 'मला ठाऊक होतं. गूळ मॅट्रिकचा होता.' आणि मुक्तानं दुसऱ्या दिवशी पाटी चिंच लावून घासली. पहिल्यांदा!

जूनमध्ये निकाल लागला, इशरत चांगल्या मार्कांनी पास झाली. कॉलेजनं संग्रह परत दिला, तो दाखवायला ती वर आली. मी कागद उलटत गेलो. माका, पिवळा माका, सहदेवी, ओसाडी, गोरखमुंडी... प्रत्येकाच्या कोपऱ्यात मोत्यासारख्या अक्षरात, 'ओळख पटवणाऱ्या: शेवंताबाई, घणसोली'. अकरा कागद असेच. बाराव्या कागदावर एकदांडी होती आणि खाली लिहिलं होतं, 'ओळख पटवणारे: गं. सो. तांबे.' पुढे पदवी नाही, काही नाही. नुसतं नाव.

माझे डोळे भरून आले. एवढं सगळं होऊनही पोरीनं माझा मान राखला होता! मी मुक्ताला हाक मारली, कागद तिच्यासमोर धरला. "बघ! एक तरी बरोबर होती ना माझी?"

"होतीच काका," इशरत म्हणाली. मग जराशी घुटमळली. पोर खोटं बोलणाऱ्यातली नाही. "म्हणजे, लिहायच्या आधी शेवंताबाईंना दाखवून घेतली होती, हां."